आधी कॅमेरा कुठे ते ठरवा

मित्रहो, स्टोरीबोर्ड, म्हणजे सिनेमाचे शॉट आधीच क्रमाने चित्रांत मांडलेले कागद, ही निर्णयांची वही असते. कॅमेरा कुठे ठेवायचा, पात्र कुणीकडे बघतंय, चौकटीत काय घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, हे सेटवर जायच्या आधी ठरवून टाकायचं असतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत वेब स्मिथ यांनी सुट्या कागदांवर प्रसंग काढून ते फळ्यावर टाचायची पद्धत पाडली, असं मानतात. कागद सुटे असल्यामुळे क्रम बदलता यायचा, नको असलेला शॉट काढून टाकता यायचा. आपल्याकडे सत्यजित राय ‘पथेर पांचाली’ची चित्रांची वही घेऊन निर्मात्यांचे उंबरठे झिजवत होते.

२०२२मध्ये मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन अशी, शब्दांत वर्णन दिलं की चित्र काढून देणारी एआय साधनं सर्वांच्या हाती आली. ज्याला चित्रकला येत नाही त्यालाही आता मनातला प्रसंग दाखवता येतो, याचा मला मनापासून आनंद आहे. माझी काळजी वेगळी आहे. यंत्राचं चित्र इतकं देखणं येतं की दिग्दर्शक विचार करायचंच थांबतो.

एक प्रसंग घेऊ. पहाट, तालुक्याचं एसटी स्टँड, आई मुलाला पुण्याच्या गाडीत बसवून द्यायला आली आहे. एवढंच लिहून दिलंत तर बहुतेक वेळा काय येतं? भरजरी साडीतली, दागिन्यांनी मढलेली आई, मागे धुकं, सोनेरी उजेड, आणि पाटीवर देवनागरीचा भास होणारी पण वाचता न येणारी अक्षरं. पोस्टर म्हणून छान आहे. पण तुमचा कॅमेरामन विचारेल, कॅमेरा गाडीत आहे की फलाटावर? मुलगा आईला बघतोय, की आई मुलाला? सगळा प्रसंग या प्रश्नावर उभा आहे आणि चित्रात त्याचं उत्तरच नाही.

म्हणून आधी पेन्सिल घ्या. काडीची माणसं काढलीत तरी चालेल. समजा, कॅमेरा मुलाच्या जागेवर आहे. खिडकीतून खाली आई दिसते, मान वर केलेली, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. खिडकीचा आडवा गज बरोबर तिच्या कपाळावरून जातो. आता या कच्च्या चित्राचा फोटो काढा आणि कंट्रोलनेटला द्या. २०२३मध्ये आलेलं हे तंत्र तुमच्या रेषा, पात्रांची ठेवण, जवळ-लांबचं अंतर धरून ठेवतं आणि त्यावर चित्र चढवतं. सोबतचं वर्णनही नेमकं हवं: पन्नाशीची बाई, विटकी सुती पाचवारी, मोठं कुंकू, वरून खाली बघणारा कॅमेरा, ट्यूबलाइटचा उजेड. ‘भावपूर्ण’, ‘सिनेमॅटिक’ हे शब्द गाळा. ते घातले की तोच सोनेरी उजेड परत येतो.

पुढची अडचण सातत्याची. ही यंत्रं प्रत्येक चित्र नव्या, विस्कळीत ठिपक्यांच्या गोंगाटातून घडवतात. आधीच्या शॉटमधली आई पुढच्या शॉटला ठाऊक नसते, आणि चौथ्या चौकटीत दुसरीच बाई उभी राहते. यासाठी आधी त्या आईचा एक तक्ता बनवा: समोरून, बाजूने, पाठमोरी. मग प्रत्येक शॉटला तोच तक्ता संदर्भ म्हणून जोडा. तरीही नजरेची दिशा तुम्हालाच सांभाळावी लागते. आई उजवीकडे बघत असेल तर मुलगा डावीकडे बघायला हवा, नाहीतर दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत असं वाटतं. चुकलेलं चित्र आरशासारखं उलटवायचा मोह होईल. उलटवलंत की आईचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातो! ते चित्र नव्यानेच करा.

आणि बोर्ड कृष्णधवल ठेवा, हा माझा आग्रह आहे. रंगीत चित्र बघितलं की निर्माता त्यालाच पक्की प्रकाशयोजना समजतो, आणि मग सेटवर वाद होतात.

चित्रकारांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेत तीन चित्रकार अशी साधनं देणाऱ्या कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेले. परवानगी न घेता आमच्या चित्रांवर यंत्रं शिकवली, ही त्यांची तक्रार. हयात चित्रकाराचं नाव घालून त्याची शैली मागू नका. बजेट असेल तर स्टोरीबोर्ड आर्टिस्टला बोलवा. तो समोर बसतो आणि विचारतो, ‘हा क्लोजअप कशासाठी?’ हा प्रश्न तुम्हाला यंत्राकडून येणार नाही.

शेवटी प्रिंट घेऊन रेकीला, म्हणजे शूटिंगची जागा आधी बघायला, जा. स्टँडवर उभं राहून एसटीची खिडकी किती उंच आहे ते मोजा. चित्रातल्या आईचा हात खिडकीपर्यंत सहज पोचतो, तुमच्या नटीचा पोचेलच असं नाही. नाही पोचला तर भाकरी वर कोण देणार? शेजारचा प्रवासी हात बाहेर काढेल, की कंडक्टर दारातून घेईल? म्हणजे नवा शॉट आला. तो तिथेच, प्रिंटच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीने काढा.