न मागितलेल्या नोंदी

श्रोतेहो, नमस्कार.

विज्ञानाने समाजाला काय दिले, असा प्रश्न विचारला की उत्तरे ठरलेली असतात. वीज, लस, मोबाइल, उपग्रह. ही यादी खोटी नाही; पण तिच्यातून असा समज पक्का होतो की विज्ञान म्हणजे वस्तू पुरवणारे एक मोठे भांडार आहे आणि विद्यापीठे व संशोधन संस्था हे त्याचे मागचे गोदाम. मग ज्या संशोधनातून वस्तू निघत नाही त्यावर पैसा का घालवायचा, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो, आणि तो विचारणारे लोक मुळीच मूर्ख नसतात. आज मी त्यालाच उत्तर देणार आहे. विद्यापीठांतल्या आणि संशोधन संस्थांतल्या विज्ञानाचे समाजाला सर्वांत मोठे देणे कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी म्हणेन की कोणीही मागितलेली नसताना वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे ठेवलेली नोंद, आणि ती नोंद आपल्या आवडत्या मताच्या विरोधात गेली तरी न खोडण्याची शिस्त. याचे सर्वांत चांगले उदाहरण शोधायला मुंबईकराला लांब जावे लागत नाही. ते कुलाब्यात आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली कुलाब्याला वेधशाळा उभारली ती जहाजांच्या सोयीसाठी. समुद्रावर आपण नेमके कुठे आहोत हे कळण्यासाठी खलाशाला अचूक वेळ लागत असे. म्हणजे सुरुवात रोकड्या गरजेतून झाली, हे मान्य केले पाहिजे. पण 1841 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजमापे सुरू झाली, आणि या मोजमापांना तसे कोणतेच गिऱ्हाईक नव्हते. टांगलेला एक चुंबक, त्याच्या हालचालीबरोबर हलणारा आरसा, आणि दुर्बिणीतून त्या आरशात दिसणाऱ्या मोजपट्टीवरचा आकडा, एवढाच तो खटाटोप. ठरलेल्या वेळी कोणीतरी डोळा लावायचा, आकडा वहीत लिहायचा आणि पुढच्या वेळेची वाट पाहायची. दिवस, रात्र, पावसाळा, सण, काहीही असो.

या कामावर 1840 च्या सुमारास नेमलेल्या सहायकांत पंधरा-एक वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा वेधशाळा सांभाळणाऱ्या प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली सुमारे दहा वर्षे वेध घेत राहिला, पुढे पुण्याला गणिताचा आणि विज्ञानाचा नामांकित प्राध्यापक झाला, आणि लोकमान्य टिळकांसारखा विद्यार्थी त्याच्या वर्गात बसला. आपल्याकडे केरूनानांची आठवण निघते ती बहुधा टिळकांचे गुरू म्हणून. मला मात्र त्यांचे दुसरे एक काम अधिक मोलाचे वाटते. जुन्या ग्रंथांवरून केलेल्या पंचांगात ग्रहांची जी स्थाने दिलेली असत, ती आकाशातल्या ग्रहांशी जुळेनाशी झाली होती. शतकानुशतके साठत गेलेला तो फरक होता. केरूनानांनी युरोपातल्या नव्या कोष्टकांच्या आधारे 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा मराठी ग्रंथ सिद्ध केला आणि 1865 पासून त्या पद्धतीचे पंचांग निघू लागले. आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयामुळे ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले.

आता हे बदल किती खोल होते ते पाहा. पंचांग ही कपाटातली वस्तू नव्हे. ते घरातल्या खुंटीवर लटकणारे, लग्न, उपवास आणि पेरणीशी बांधलेले पुस्तक. त्याच्या गणितात हात घालणे म्हणजे प्रत्येक स्वयंपाकघरापर्यंत हात पोहोचवणे होते. शिवाय केरूनाना कोणालाही देव सोडा, व्रते सोडा असे सांगत नव्हते. त्यांचा आग्रह एवढाच होता की ग्रहण पंचांगात ज्या वेळी लिहिले आहे त्याच वेळी ते आकाशात लागले पाहिजे. आणि लागत नसेल तर आकाश सुधारता येत नाही, पुस्तक सुधारावे लागेल. बहुसंख्य लोकांनी हे लगेच स्वीकारले नाही. टिळकांनी ही बाजू पुढे उचलून धरली, परिषदा झाल्या, वाद रंगले, आणि आजही टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा पडून दिवाळी इतरांच्या आधी महिनाभर येते. वाद मिटला नाही, हे खरे. पण ग्रंथ आणि आकाश यांत फरक पडला तर कोणाचे ऐकायचे, हा प्रश्न मराठी घरात कायमचा येऊन बसला. विज्ञान समाजाच्या विचारात शिरते ते बहुतेक वेळा असेच, एखाद्या रोजच्या गोष्टीच्या आडून.

कुलाब्याच्या वह्यांचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्याच्या डागांजवळ एक प्रखर ज्वाला दिसली. त्यानंतर साडेसतरा-अठरा तासांत पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वात अचानक मोठी खळबळ उडाली. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बंद पडली आणि ध्रुवीय प्रकाश थेट कॅरिबियन बेटांवरून दिसला. त्या वेळी मुंबईत भरदिवस होता. कुलाब्याच्या वेधकाने चुंबक बेफाम हलताना पाहिला आणि नेहमीच्या तासाच्या अंतराने वाचन न घेता ते दर पंधरा मिनिटांनी, कधी पाच मिनिटांनी घेतले. चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) कोसळून काही तासांत बराचसा सावरल्याचे त्या आकड्यांवरून दिसते. हे प्रमाण मुंबईच्या एकूण आडव्या क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास जाते. हे आकडे छापले गेले आणि ग्रंथालयात जाऊन बसले. 2003 साली, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी, वैज्ञानिकांनी त्या महावादळाची ताकद ठरवायला घेतली तेव्हा कुलाब्याच्या याच नोंदी त्यांचा मुख्य आधार ठरल्या. 1989 च्या मार्चमध्ये याहून बऱ्याच लहान वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली होती. त्यामुळे उपग्रह आणि विजेची जाळी सांभाळणाऱ्यांना, सर्वांत वाईट म्हणजे किती वाईट, हे कळणे आज निकडीचे आहे. 1859 साली दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या त्या माणसाला उपग्रह म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते.

शहराने या वेधशाळेशी कसा व्यवहार केला, हे मला फार उद्बोधक वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे ठरले. ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परततो, आणि त्याने नाजूक चुंबकमापने बिघडतात. ट्राम नको असे कोणी म्हटले नाही, म्हणूही नये. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय विभाग समुद्रापलीकडे अलिबागला न्यायचे ठरले. लोखंडाचा अंश टाळून, पोरबंदरच्या दगडात इमारत बांधली गेली. 1904 मध्ये अलिबागला वेध सुरू झाले, पण कुलाब्याचे लगेच बंद केले नाहीत. जवळजवळ दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले, म्हणजे जुन्या आकड्यांची साखळी नव्याला नीट जोडता यावी. 1907 मध्ये विजेच्या ट्राम धावू लागल्या, तोवर ही जुळणी पूर्ण झाली होती. संशोधनाला सरकारने किती पैसा द्यावा यावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. संशोधनाला सलग वेळ द्यावा लागतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. ती दोन वर्षे कोणीतरी निर्धास्तपणे मंजूर केली, याचे मला आजही नवल वाटते.

नोंद पुरेशी नसली की काय होते, तेही मुंबईने पाहिले आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला 73. शहराच्या पावसाचे चित्र तेव्हा मुख्यतः या दोन केंद्रांवरून काढले जाई, आणि त्या दिवशी त्या दोघांनी जणू दोन वेगळ्या शहरांचे वर्णन केले. पाणी वाहून नेणारी जुनी व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेली होती. ती वाढवायला हवी, हे सांगणारा अहवाल 1993 पासून तयार होता. तो वाचायला आपल्याला पुराची वाट पाहावी लागली. त्यानंतर आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांच्या सहभागाने महापालिकेने शहरभर, अनेक ठिकाणी अग्निशमन केंद्रांच्या गच्चीवर, स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली, आणि नव्या कामांसाठी ताशी 50 मिलिमीटर हा निकष धरला गेला. ज्ञान उपलब्ध असणे आणि ते निर्णयाच्या टेबलापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि दुसरीचे अपयश पहिलीच्या माथी मारणे ही आपली जुनी खोड आहे.

विचारावरच्या परिणामाबद्दल आणखी एक उदाहरण थोडक्यात देतो. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती. 1946 ते 1962 या काळात ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. प्राचीन आहत, म्हणजे ठसे ठोकून पाडलेल्या, नाण्यांचा क्रम लावण्यासाठी त्यांनी एकेक नाणे नाजूक तराजूवर तोलले, कारण चलनात जास्त दिवस राहिलेले नाणे जास्त झिजते आणि हलके होते. ही पद्धत खरी उतरते का, हे पाहायला त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही तोलली. नाणे कोणत्या राजाचे, यावरचा वाद त्यामुळे निव्वळ पांडित्याच्या हातातून थोडासा सुटला. इतिहासावरच्या त्यांच्या अनेक निष्कर्षांशी आज अभ्यासक सहमत नाहीत, मीही सर्वांशी नाही. पण असहमती दाखवायची तर पुरावा घेऊन या, असे त्यांनी इतिहासाच्या अंगणात रूढ केले, आणि त्यांच्या विरोधकांनाही त्याच नियमाने खेळावे लागले.

आता थोडे आपल्याच घराबद्दल, म्हणजे आम्हा शिकवणाऱ्यांबद्दल बोलायला हवे. 1832 मध्ये मुंबईत ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवत आणि मराठीतून वाचकांशी बोलत. त्यांना या दोन कामांत विरोध दिसत नव्हता. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून हेच काम नेटाने करीत आहे. पण विद्यापीठात बढतीचा अर्ज भरताना परदेशी नियतकालिकातल्या शोधनिबंधाला जे वजन आहे, त्याच्या पासंगालाही मराठीतला चांगला लेख पुरत नाही. परिणाम असा की ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ हे शब्द आपल्या कानावर पडतात ते जाहिरातींतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून. ज्यांनी सिद्ध म्हणजे किती सिद्ध, कोणत्या अटींवर सिद्ध, हे समजावून सांगायचे, ते अर्ज भरण्यात गुंतलेले असतात. राज्यघटनेच्या 51 क या अनुच्छेदात वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे 1976 च्या दुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. नागरिकांना कर्तव्य सांगणे सोपे. प्राध्यापकांना त्यासाठी वेळ आणि मान देणे अवघड.

अखेरीस परळचे एक उदाहरण, कारण त्यात यश, वाद आणि अपुरेपण तिन्ही एकत्र आहेत. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या संशोधकांनी 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक चाचणी केली. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले जे मुख्य द्रव्य ते, लावायचे आणि मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. पाहणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, 2013 मध्ये, जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना मात्र रोगाची माहिती आणि उपचाराची सोय दिली, नियमित तपासणी दिली नाही. त्यावर, हे नैतिक होते का, असा प्रश्न परदेशातून उपस्थित झाला. संशोधकांचे म्हणणे असे की देशात अशी तपासणी कुठेच चालू नव्हती आणि तुलनेशिवाय सरकारला पटवता आले नसते. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, आणि हा प्रश्न उघडपणे विचारला गेला हीच या ज्ञानपरंपरेची जमेची बाजू वाटते.

2016 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांसाठी ही तपासणी आली. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीही ती कधी झालेली आढळली नाही. चाचणी मुंबईत झाली, निष्कर्ष जगभर पोहोचला, खर्च नगण्य आहे, आणि तरी आपल्याच इमारतीतल्या, आपल्याच चाळीतल्या बाईला तिची माहिती नाही. ऐकणाऱ्या भगिनींपैकी ज्यांचे वय तीसच्या पुढे आहे त्यांनी जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन ही तपासणी कोणत्या दिवशी होते ते विचारावे; आणि होत नाही असे उत्तर आले, तर का होत नाही, हेही विचारावे.

नमस्कार.