पांढऱ्या काठाचं बेणं

(दृश्य: रिकामा दिसणारा वाफा. दाताळ्याने मातीसकट गड्डा उचलला जातो.)

फेब्रुवारीचा शेवट. जपानमधली एक लहानशी रोपवाटिका. वाफ्यात वर काहीच नाही. पानं थंडीच्या सुरुवातीलाच पिवळी पडून गेली. खाली मात्र कंदांची अख्खी साखळी जिवंत आहे.

ही शिरान. शास्त्रीय नाव ब्लेटिला स्ट्रायटा. झाडावर नव्हे, जमिनीत वाढणारी आणि हिवाळ्यात उघड्यावर तग धरणारी आमरी, म्हणजे ऑर्किड. आपल्या सह्याद्रीतल्या हबेनारिया, याही जमिनीतल्याच आमऱ्या, पाऊस सरला की कंदात परततात, शिरान थंडी पडली की परतते. चीन, कोरिया आणि जपान हा तिचा मुलूख. हिरव्या पानांची शिरान जपानी अंगणांत पैशाला पासरी आहे. इथे जपली जाते ती पट्टेरी पानांची.

(दृश्य: पाण्याच्या धारेखाली गड्डा. माती निघते, कंद दिसू लागतात.)

धुतल्याशिवाय कापायचं नाही. माती गेली की वय मोजता येतं. चपटे, दोन-तीन सेंटिमीटरचे, अंगावर गोल वळ्या असलेले हे कंद एकाला एक चिकटून ओळीत बसलेत. दर वर्षी पुढच्या टोकाला एक नवा कंद येतो, जोम असेल तर दोन. मागचे कंद पुन्हा पान काढत नाहीत, पण वाळतही नाहीत. हळदीत जेठा गड्डा असतो तसे ते पुढच्यांना पोसत राहतात. या गड्ड्यात एका ओळीत सहा कंद आहेत. म्हणजे साधारण सहा वर्षं.

आता डोळे शोधा. कंदाच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना, तांदळाच्या दाण्याएवढे टोकदार उंचवटे दिसतात. या हंगामाचा फुटवा पुढच्या कंदाच्या डोळ्यातून येणार. मागच्या कंदांचे डोळे झोपलेले असतात. साखळी तुटली तरच ते जागे होतात.

(दृश्य: ज्योतीवर धरलेलं पातं. कंदांमधल्या अरुंद जागेत सुरी उतरते.)

तीन-तीन कंदांचे तुकडे. दोनवरही भागतं, पण एकट्या कंदाचं रोप फुलायला जास्त वर्षं घेतं. पातं दोन कंदांच्या मधल्या आवळलेल्या जागी घालायचं, कंदाच्या अंगात नाही. कापावर हा बुळबुळीत चिकट रस येतो. याच कंदाला चिनी औषधांत बाय-जी म्हणतात.

प्रत्येक गड्ड्यानंतर पातं पुन्हा ज्योतीवर. अल्कोहोलचा बोळा पुरत नाही. ऑर्किडमध्ये सर्रास आढळणारा ओआरएसव्ही हा विषाणू तंबाखूच्या मोझॅकच्या गोत्रातला, फार चिवट. ज्योत नको असेल तर ट्रायसोडियम फॉस्फेटच्या १० टक्के द्रावणात पाती बुडवून ठेवायची आणि दोन-तीन पाती आळीपाळीने वापरायची. कापलेले तुकडे सावलीत एक-दोन दिवस सुकू द्यायचे. ओल्या कापाने लावले की सड तिथूनच सुरू होते.

(दृश्य: मागच्या मे महिन्यातलं चित्रण. पानांचे जवळून घेतलेले तुकडे, एकामागून एक.)

ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती ही पानं. साडीला काठ असावा तशी पांढरी कड, हिला फुकुरिन म्हणतात. लांबीत धावणारे पट्टे म्हणजे शिमा. मधोमध फिकं आणि कडा हिरव्या, ते नाकाफु. वाघासारखे आडवे पट्टे, तोराफु. काही झाडांत पट्टा वसंतात लख्ख असतो आणि उन्हाळ्यात हिरवटात विरतो. त्यालाही वेगळा शब्द आहे, आतोगुरामी. ही भाषा जुन्या शौकाची आहे. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, १८२७ आणि १८२९ साली नुसत्या विचित्र आणि पट्टेरी पानांच्या झाडांचे सचित्र ग्रंथ छापले गेले होते.

हे पान मात्र वेगळं. पट्टे तुटक, शिरा ओलांडणारे, कडा अंधूक, जागोजाग करपट ठिपके. ही पट्टेदारी नाही, विषाणू आहे. फुलाच्या रंगातही चिरफाळ्या दिसल्या तर कुंडीसकट बाहेर.

(रेखाचित्र: फुटव्याच्या टोकाचा उभा छेद, दोन थर दोन रंगांत.)

काठ येतो कुठून? वाढीच्या टोकाशी पेशींचे थर एकावर एक असतात. बहुतेक एकदल झाडांत पानाची कड सगळ्यात बाहेरच्या थरापासून बनते. तो थर हरितद्रव्याविना असेल आणि आतला हिरवा, तर पान हिरवं आणि काठ पांढरा. एका झाडात दोन वाणांच्या पेशी शेजारी नांदतात. डोळ्यातही हे दोन्ही थर बहुधा जसेच्या तसे उतरतात, म्हणून फुकुरिन वाटून लावली तर काठ टिकतो.

बी मात्र आतल्या थरातून बनतं. पांढऱ्या काठाच्या शिरानचं बी पेरा, रोपं हिरवी येतील. नाकाफुचं पेरा, रोपं पांढरी निघून साठवण संपताच मरतील. हरितद्रव्याचे कण बहुधा आईकडूनच येतात, त्यामुळे पट्टेरी नराचे पराग वापरूनही फार फरक पडत नाही. अपवाद शिमाचा. तिच्या आतल्या थरात दोन्ही तऱ्हेच्या पेशी मिसळलेल्या असतात. ती आई असेल तर थोडी रोपं पट्टेरी निघतात.

(दृश्य: काचेच्या बाटलीतली हिरवी पिल्लं, दोन सेकंद.)

बाटलीतही तेच. शिरानचं धुळीसारखं बी निर्जंतुक माध्यमावर सहज रुजतं. पण ऊतिसंवर्धनात नवा कोंब एकाच थराच्या पेशींतून फुटला की काठ गेलाच. स्वस्तात मिळणारी ‘पट्टेरी’ बाटली घेताना हे ध्यानात असू द्या.

(दृश्य: भिंगाखाली फुटवा. बोट एका डोळ्याकडे.)

फुकुरिनमध्ये कुठलाही डोळा चालतो. शिमात डोळा निवडावा लागतो, आणि खरं कसब इथे आहे. फुगणाऱ्या डोळ्यावरची ही खवल्यासारखी आवरणं बघा. त्यावर बारीक पांढरी रेघ आहे. रेघ ज्या बाजूला, त्या बाजूचा पुढचा डोळा पट्टा घेऊन येण्याची शक्यता जास्त. आवरण पूर्ण पांढरं असेल तर तो फुटवा युरेई, म्हणजे भूत. दिसायला देखणा, पण जगतो मागच्या कंदांच्या जिवावर. पूर्ण हिरवा असेल तर नुसता ‘आओ’, हिरवा. रेघ मधोमध आणि दोन्हीकडे हिरवं, तोच तुकडा बेण्याला धरायचा.

(दृश्य: ट्रेमध्ये ओल्या स्फॅग्नम मॉसवर, म्हणजे शेवाळावर, मांडलेले मागचे कंद.)

मागचे कंद फेकू नका. ओलसर, पिळून घेतलेल्या मॉसवर डोळा वर करून अर्धे रुतवायचे. झाकण सैल, जागा उबदार आणि उन्हाबाहेर. काही आठवड्यांत डोळे सुटतात. मॉसमधून पाणी गळत असेल तर कंद मऊ पडून वास येतो.

(दृश्य: कुंडी भरणं.)

माती: अकादामा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेची दाणेदार माती, ७ भाग. पालापाचोळ्याचं कुजलेलं खत ३ भाग. अकादामाचा भुगा चाळून टाकायचा, नाहीतर तळाशी चिखल होतो. १५ सेंटिमीटरच्या कुंडीत तीन कंदांचा एक तुकडा. जुना कंद कुंडीच्या कडेला, नवा मध्याकडे, कारण वाढ पुढेच सरकणार. वर दोन-तीन सेंटिमीटर माती. पहिलं पाणी भरपूर, मग फुटवा दिसेपर्यंत माती नुसती ओलसर.

पांढऱ्या काठाला सावलीचं जाळं लागतं, निम्मं ऊन अडवणारं. कोरडा वारा आणि दुपारचं ऊन एकत्र आले की काठ तपकिरी होतो आणि तो त्या वर्षी सुधारत नाही. दाट सावलीत पान सुंदर, फूल नाही. नत्र जास्त दिलं तर पानं लोळतात, काठही मळकट होतो. फुलं ओसरल्यावर पातळ खत, तेही पावसाळी उकाडा सुरू होईपर्यंतच. एप्रिलच्या उशिराच्या दंवात कोवळा फुटवा काळा पडतो. त्या रात्री कुंड्या छपराखाली.

(दृश्य: डोंगरउतार, गवतात दोन-चार जांभळी फुलं.)

रानातली शिरान जपानच्या लाल यादीत संकटाच्या उंबरठ्यावर आहे. बेणं वाढवलेलंच घ्या. आमरीची साइटीस, म्हणजे संकटातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची, कागदपत्रं असतील तरच ती देशाबाहेर जाते.

(दृश्य: एप्रिल. कुंडीत तीन फुटवे, दोन काठाचे, एक संपूर्ण हिरवा.)

हा तिसरा. सगळ्यात जाड, सगळ्यात उंच. सगळं पान अन्न बनवतं, म्हणून जोम त्याचाच. बोटाने माती बाजूला करायची, त्याचा डोळा कुठल्या कंदावर आहे ते बघायचं आणि तो कंद मुळासकट वेगळा करायचा. नुसता फुटवा खुडला तर त्याच बाजूने पुन्हा हिरवाच येतो.