रेंज नसलेल्या गावाला ओटीपी

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय ‘ओटीपीला पर्याय’ असा छापलाय. पर्याय सांगणारच आहे. पण तापोळ्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर उभं राहून या विषयावर बोलायचं आणि पाण्यापलीकडच्या कांदाटी खोऱ्याचं नावही काढायचं नाही, हे मला जमणार नाही. तुमच्यातले कितीतरी जण लाँचनं आलेत. फोनवर रेंजच्या दोन काड्या दिसाव्यात म्हणून कुठल्या दगडावर उभं राहायचं, हे तुम्हाला पाठ आहे. हसताय, म्हणजे खरं आहे!

आधी एसएमएस कसा येतो ते पाहू. बँकेकडून निघालेला एसएमएस मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्रात जाऊन थांबतो. तुमचा फोन टॉवरला सापडला की पुढं येतो. नाही सापडला तर केंद्र तो ठेवून घेतं आणि मधूनमधून पुन्हा पाठवून बघतं. निरोपासाठी ही व्यवस्था उत्तम. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला गेला, तो नाताळच्या शुभेच्छांचा. तासभर उशिरा पोचला असता तरी काही बिघडलं नसतं. ओटीपीचं आयुष्य मात्र काही मिनिटांचं. आता कुणी म्हणेल, मग टॉवर वाढवा. वाढवायलाच हवेत. केंद्रानं २०२२ मध्ये २४,६८० गावांत फोर-जी पोचवण्यासाठी २६,३१६ कोटी मंजूर केले. पण सह्याद्रीच्या कड्यामागे जी वाडी दडली, तिच्यावर कड्याची सावली पडते आणि टॉवरची लहर तिथं पोचतच नाही.

आमच्या आत्तीचं सांगतो. तिचा मुलगा नवी मुंबईच्या बाजारात माथाडी कामगार, घरी आत्ती, नातू आणि नात. नातवाची कॉलेजची फी तिच्या कार्डावरून भरायची होती, शेवटची तारीख. ग्रामपंचायतीत फायबरचं वायफाय आहे, तिथं संगणकावर पान उघडतं. एसएमएस मात्र वर माळावर, हिरड्याच्या झाडाखालीच येतो. म्हणून नात आत्तीचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर गेली. आषाढातला पाऊस, समोरचं दिसेना. खाली नातवानं बटण दाबलं. आकडा येईना, पान विझलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग वर एकदम तीन एसएमएस पडले, आणि कुठला आधीचा, कुठला नंतरचा, पोरीला कसं कळावं? तिनं वरचा आकडा वाचला आणि ओरडून खाली सांगितला. बँकेनं ज्याबद्दल ‘कुणालाही सांगू नका’ म्हणून बजावलंय, तो सहा अंकी आकडा अख्ख्या वाडीनं ऐकला! तो निघाला जुना. दुसरा सांगितला, तोवर त्याची मुदत संपलेली. शेवटी कार्ड त्या दिवसापुरतं बंद पडलं. दुसऱ्या दिवशी आत्तीनं कार्ड, फोन आणि चिठ्ठीवर लिहिलेला पिन महाबळेश्वरला निघालेल्या शेजाऱ्याच्या हातात दिला. विलंब शुल्कासह फी भरली गेली. आत्ती मला म्हणाली, “पैसं माझं, मग आकडा डोंगराला का सांगत्यात?”

शेजारी सज्जन होता म्हणून निभावलं. पण नियमात जे जे करू नका म्हटलंय, ते सगळं करायला त्या नियमानंच तिला भाग पाडलं, याचा मला खरोखर राग येतो. आपल्याकडं किती आयांच्या खात्याला मुंबईतल्या मुलाचा नंबर जोडलाय? आईच्या पैशाचा ओटीपी वाशीत वाजतो. लाडक्या बहिणीचं ई-केवायसी २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झालं, तेव्हा बाईच्या आधारचा एक ओटीपी आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा दुसरा. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या बायका त्यासाठी डोंगर चढल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

हो, लाँचवाल्यांनी हात केलाय. भरभर सांगतो.

रिझर्व्ह बँकेनं २००९ मध्ये ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली, ते योग्यच होतं. ती एसएमएसनंच व्हावी असं काही नव्हतं. सुरुवातीला तर पासवर्ड चालायचा. सप्टेंबर २०२५ च्या नव्या निर्देशांत, जे १ एप्रिल २०२६ पासून लागू, दोन पडताळण्या हव्यात, पण दुसरीसाठी टोकन, म्हणजे आकडा तयार करणारं यंत्र किंवा अ‍ॅप, बोटाचा ठसा असे मार्गही मोकळे आहेत. यूपीआयच बघा. फोन एकदा एसएमएसनं खात्याशी बांधला की पुढं प्रत्येक वेळी पिन पुरतो, वायफायवरसुद्धा.

माझा आग्रह ज्याचा आहे तो मार्ग असा. शाखेत एकदाच एक गुप्त किल्ली तुमच्या फोनमध्ये भरायची, तीच बँकेकडं. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्या गणितातून दर ३० सेकंदांला नवा आकडा फोनवरच तयार होतो. बँक तिकडं तेच गणित करते. रेंज लागत नाही, सिमसुद्धा लागत नाही. याचं तांत्रिक मानक २०११ पासून जगभर खुलं आहे. ज्याच्याकडं साधा फोन आहे त्याला हेच काम करणारं छोटं यंत्र देता येतं. इंग्लंडात बार्कलेजनं २००७ मध्ये ग्राहकांना कार्ड घालायचं यंत्र दिलं होतं. हा आकडाही भामट्याला सांगितला तर पैसे जातातच, ते लपवत नाही. पण तो ओरडून सांगावा लागत नाही.

तोवर, घरी वायफाय असेल तर फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. काही सिमवर एसएमएसही त्या वाटेनं येतो. आणि शाखेत लेखी अर्ज द्या, ‘माझ्या गावी रेंज नाही, एसएमएसशिवायची पडताळणी द्या’, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. त्यांच्या पोर्टलवर तक्रार करायलाही ओटीपी लागतो, म्हणून टपालानं पाठवा: रिझर्व्ह बँक, सेक्टर १७, चंदीगड. अर्जाचा नमुना मी आणलाय, दाराशी ठेवलाय. लाँचवाल्यांनी आधी घ्या.