अजून न बांधलेल्या गाडीवरची पैज

नमस्कार मंडळी. आजचा विषय फॉर्म्युला वन या मोटार शर्यतीचा आहे, पण मी शर्यतीबद्दल कमीच बोलणार आहे. एक हंगाम संपतो आणि दुसरा सुरू व्हायचा असतो, त्या मधल्या काळात जे चालतं त्याबद्दल बोलायचंय. कोण टीम सोडतो, कोण कुठे जातो, कुणाला काढतात, आणि त्यावरून आपण सगळे जे शहाणपण पाजळतो, त्याबद्दल.

8 डिसेंबर 2024, रविवार. अबू धाबीला हंगामातली शेवटची शर्यत. ड्रायव्हर कार्लोस साइन्झ फेरारी टीमच्या लाल गाडीत दुसरा आला. तरी सांघिक विजेतेपद फेरारीच्या हातून 14 गुणांनी निसटलं. मॅकलारेनचे 666, फेरारीचे 652. सोमवार मधे गेला. मंगळवारी त्याच ट्रॅकवर चाचणी होती आणि साइन्झ विल्यम्सच्या गाडीत बसला होता. चार वर्षं रेडिओवर तो ज्यांच्याशी दर लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या दर फेरीला, बोलला ती माणसं आता दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये, आणि कानात एक नवाच आवाज. मधे फक्त एक सोमवार!

गाडीत ‘बसला’ म्हणजे काय, तेही जरा जवळून बघा. ड्रायव्हर नव्या टीमकडे गेला की पहिल्या कामांत एक असतं सीट बनवण्याचं. त्याला कॉकपिटमध्ये बसवतात, पाठीमागे पिशवीत फुगून घट्ट होणारा फोम भरतात, आणि तो फोम त्याच्या पाठीचा, कमरेचा, खांद्याचा आकार घेईपर्यंत त्याला हलायचं नसतं. त्या साच्यावरून कार्बन फायबरची सीट तयार होते. एखादी कड मणक्याला टोचत असेल तर दीड तासाच्या शर्यतीत ती जीव नकोसा करते, म्हणून पुन्हा घासायची, पुन्हा बसून बघायचं. ही सीट दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नसते. बातम्यांत आपण वाचतो, ‘अमक्याने तमक्याची सीट पटकावली’. खरं तर सीट ज्याची त्याच्याबरोबर संपते, पटकावतात ती जागा.

आणि जागा मोजक्या. 2025 मध्ये दहा टीम, वीस गाड्या. साऱ्या जगात वीस! त्यामुळे एक माणूस उठला की निदान चार-पाच जणांना हलावं लागतं. साइन्झने मनाने फेरारी सोडली नव्हती. 1 फेब्रुवारी 2024 ला, हंगामाची पहिली शर्यतही झालेली नसताना, जाहीर झालं की लुईस हॅमिल्टन 2025 पासून फेरारीकडे. मर्सिडीजशी त्याचा करार आदल्या ऑगस्टमध्येच झाला होता, दोन वर्षांचा; पण पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायची खिडकी त्यात ठेवलेली होती. फेरारीने आपल्या दुसऱ्या ड्रायव्हरला, शार्ल लेक्लेरला, थोडेच दिवस आधी करारबद्ध केलेलं. म्हणजे जाणार कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मग साइन्झ पूर्ण वर्ष ‘जाणारा माणूस’ म्हणून गाडी चालवत राहिला. मार्चमध्ये त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. जेद्दाहची शर्यत हुकली आणि अठरा वर्षांच्या ऑलिव्हर बेअरमनने ऐनवेळी त्याच्या गाडीत बसून सातवा क्रमांक काढला. दोन आठवड्यांनी साइन्झ मेलबर्नला परतला आणि जिंकला. ज्याला आपण नकोसे झालोय त्या मालकाला असं उत्तर द्यायची संधी किती जणांना मिळते?

इकडे मर्सिडीजने हॅमिल्टनच्या जागी किमी अँतोनेल्ली या पोराला आणलं. वय अठरा. त्याचं नाव इटलीतल्या मोन्झा ट्रॅकवर जाहीर झालं, आणि त्याच्या आदल्याच दिवशी पहिल्या सरावात मर्सिडीजच्या दुसऱ्या ड्रायव्हरची, जॉर्ज रसेलची, गाडी चालवताना या पोराने ती दहाएक मिनिटांत भिंतीवर घातली. जाहीर करायचं ते त्यांनी तरीही केलं. मला ते आवडलं.

आता तुम्ही म्हणाल, करार नावाची काही चीज असते की नाही? असते. तिचा इतिहास मोठा गमतीचा आहे. 1991, बेल्जियम. जॉर्डन टीमचा ड्रायव्हर बर्ट्रांड गाशो लंडनमध्ये टॅक्सीवाल्याशी भांडण होऊन त्याच्या तोंडावर गॅसचा फवारा मारल्याबद्दल तुरुंगात गेला होता. जागा रिकामी झाली म्हणून मायकेल शूमाकर नावाच्या नवख्या जर्मन मुलाला बसवलं. पात्रता फेरीत तो सातवा आला. शर्यतीत पहिल्याच लॅपला क्लच गेला. पण सातवा बघून सगळ्यांचे डोळे विस्फारले होते. जॉर्डनच्या हातात त्याचं इरादापत्र होतं. सही करण्याआधी त्यातला एक शब्द शूमाकरच्या बाजूने बदलून घेतला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘ठरलेला करार करीन’ याचं झालं ‘एखादा करार करीन’. एवढ्या फटीतून तो निसटला आणि पुढची शर्यत बेनेटनच्या गाडीत धावला. बेनेटनचा रॉबर्टो मोरेनो वाऱ्यावर. तो कोर्टात गेला, तडजोड झाली, आणि मोन्झाला मोरेनो जॉर्डनमध्ये! दोन आठवड्यांत दोघांची अदलाबदल.

या तमाशानंतर करार मान्यता मंडळ आलं. टीम आपला ड्रायव्हरचा करार तिथे नोंदवते आणि दोन टीमनी एकाच माणसावर हक्क सांगितला की मंडळातले वकील निकाल देतात. गाजलेला अलीकडचा निकाल 2022 चा. त्या उन्हाळ्यातले दिवस तर मोजून सांगण्यासारखे आहेत. 28 जुलैला सेबास्टियन फेटेलने निवृत्ती जाहीर केली. 1 ऑगस्टला त्याच्या ॲस्टन मार्टिनमधल्या जागेवर फर्नांडो अलोन्सोचं नाव आलं. 2 ऑगस्टला अल्पीनने अलोन्सोच्या जागी आपला राखीव ड्रायव्हर ऑस्कर पिआस्ट्री याला जाहीर केलं. त्याच संध्याकाळी पिआस्ट्रीने जगाला कळवलं की मला न विचारता हे छापलंय, मी सही केलेली नाही आणि पुढच्या वर्षी मी अल्पीनसाठी चालवणार नाही! त्याने जुलैमध्येच मॅकलारेनशी करार केला होता. मंडळाने एकमताने मॅकलारेनच्या बाजूने निकाल दिला. आणि ज्या डॅनियल रिकार्डोने आदल्याच वर्षी मॅकलारेनला मोन्झाला जिंकून दिलं होतं, त्याचा 2023 चा करार शाबूत असताना भरपाई देऊन त्याला मोकळं केलं.

हे शेवटचं वाक्य नीट ऐका. करार मोडत नाही, विकत घेतला जातो. सर्जिओ पेरेझला रेड बुलने जून 2024 मध्ये 2026 पर्यंतचा करार दिला; त्याच डिसेंबरमध्ये तो घरी बसला. त्याच्या जागी आलेल्या लियम लॉसनला दोन शर्यती मिळाल्या. दोन! तिसऱ्या शर्यतीला, जपानमधल्या सुझुकाला, युकी त्सुनोदा. 2026 साठी इसाक हाजार. त्याआधी पिएर गासलीला बारा शर्यतींत खाली, रेड बुलच्याच धाकट्या टीमकडे, पाठवलं होतं, त्याच्या जागी आणलेल्या अलेक्झांडर आल्बनला 2020 अखेर बाजूला केलं. मॅक्स व्हरस्टॅपेनच्या शेजारची ही जागा म्हणजे रेल्वेच्या प्रतीक्षालयातला बाक झालाय. माझं मत विचाराल तर दोष या पोरांत कमी आणि गाडीत जास्त आहे. एकाच माणसाच्या हाताला बसेल अशी गाडी घडत गेली की दुसऱ्याने काय करावं?

उलटा किस्सा जेन्सन बटनचा. 2004 मध्ये त्याला बार (बीएआर) नावाची टीम सोडून विल्यम्सकडे जायचं होतं. प्रकरण मंडळाकडे गेलं, निकाल बारच्या बाजूने. पुढच्या वर्षी 2006 साठी विल्यम्सचा करार पक्का उभा राहिला, तोवर बीएमडब्ल्यूचं इंजिन विल्यम्सला सोडून चाललं होतं आणि बटनचं मन फिरलं होतं. मग या गृहस्थाने स्वतःच्या खिशातून पैसे भरून विल्यम्सपासून सुटका करून घेतली. जिथे आहोत तिथेच राहण्यासाठी पैसे मोजणारा माणूस! बार होंडाने घेतली, डिसेंबर 2008 मध्ये होंडाने अंग काढून घेतलं, टीम बंद पडायच्या बेतात असताना रॉस ब्रॉनने ती चालवायला घेतली आणि 2009 मध्ये बटन जगज्जेता झाला. तो हुशार होता म्हणून? 2005 मध्ये त्याला यातलं काय ठाऊक होतं?

इथे मी आज जे सांगायला आलोय त्यावर येतो. ड्रायव्हर टीम निवडतो तेव्हा तो जी गाडी चालवणार असतो ती अस्तित्वातच नसते. कधी कधी तर तिचे नियमसुद्धा पूर्ण झालेले नसतात. निर्णय होतो उन्हाळ्यात, गाडी दिसते पुढच्या वर्षी. आणि आपण निकाल लागल्यावर ‘हा दूरदृष्टीचा, तो करंटा’ अशी लेबलं चिकटवतो.

1975 च्या अखेरीला एमर्सन फिटिपाल्डीने मॅकलारेन सोडली. दोन वेळचा जगज्जेता, जिंकणारी टीम टाकून भावाच्या कोपरसुकार टीमकडे गेला. तिकडे जेम्स हंटची हेस्केथ टीम आटोपली होती, तो बेकार. मॅकलारेनला घाईने माणूस हवा होता, हंट मिळाला. 1976 चं विजेतेपद हंटने एका गुणाने घेतलं, 69 विरुद्ध निकी लाउडाचे 68. फिटिपाल्डी त्यानंतर फॉर्म्युला वनमध्ये एकही शर्यत जिंकला नाही. हंटने काय निवडलं होतं? काही नाही. त्याच्याकडे दुसरं दारच नव्हतं.

हॅमिल्टनने 2012 मध्ये मॅकलारेन सोडून मर्सिडीज धरली तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. मर्सिडीज या नावाने त्या टीमने तोवर एकच शर्यत जिंकली होती, निको रोझबर्गची चीनमधली. 2014 ला नवी हायब्रिड इंजिनं आली आणि मर्सिडीजचं इंजिन सगळ्यांच्या पुढे निघालं. सहा जगज्जेतेपदं तिथे झाली. आज तेच लोक म्हणतात, ‘काय ओळखलं त्याने!’ आणि ही टीम म्हणजे तीच, जिच्यात राहायला बटनने पैसे भरले होते: बार, मग होंडा, मग ब्रॉन, मग मर्सिडीज.

आणि अलोन्सो. याच्याबद्दल सर्वमान्य मत असं की हा नेहमी चुकीच्या वेळी चुकीचं दार उघडतो. 2005 आणि 2006 ला रेनोमध्ये जगज्जेता, नंतर पाटी कोरी. पण आकडे बघा. 2007 ला मॅकलारेनमध्ये एका गुणाने हुकलं. किमी राइकोनेन 110, अलोन्सो आणि हॅमिल्टन दोघेही 109. 2010 ला फेरारीत चार गुणांनी. 2012 ला तीन गुणांनी. एक, चार, तीन. आठ गुण इकडचे तिकडे झाले असते तर तो पाच वेळचा जगज्जेता असता, आणि आज हीच दारं निवडल्याबद्दल आपण त्याची पाठ थोपटत असतो. 2015 ला मॅकलारेन-होंडाकडे जाणं महागात पडलं, कबूल. सुझुकाला, होंडाच्याच घरच्या ट्रॅकवर, रेडिओवरून ते इंजिन खालच्या दर्जाच्या शर्यतीचं असल्याचं तो ओरडला, ते सगळ्या जगाने ऐकलं. पण एका वाईट पैजेवरून माणसाचं अख्खं डोकं मोजायचं?

आता गाडी सोडून माणसांकडे या. हॅमिल्टनबरोबर फेरारीला कोण गेलं नाही, हे मला जास्त बोलकं वाटतं. त्याचा रेस इंजिनीअर, म्हणजे शर्यतीत रेडिओवर त्याच्याशी बोलणारा, पीटर बॉनिंग्टन, ज्याला सगळे बोनो म्हणतात, मर्सिडीजमध्येच राहिला आणि अँतोनेल्लीचा इंजिनीअर झाला. बारा वर्षांत दोघांची एक भाषा झालेली. ‘टायर गेले’ असं हॅमिल्टन कुरकुरला तर ते खरंच गेलेत की नुसती कुरकुर आहे, हे बोनोला आवाजावरून कळायचं. फेरारीत रिकार्डो आदामी समोर आला, आणि 2025 च्या पहिल्याच शर्यतीपासून रेडिओवर दोघांची चुकामूक जगाने ऐकली. त्यात इंजिन ब्रेकिंग. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिन गाडीला मागे ओढतं, आणि फेरारी वळणावर ते ओढणं वापरून घेते. आपल्याला याची कधी सवयच नव्हती असं हॅमिल्टन स्वतः म्हणाला. चाळिशीच्या माणसाला ब्रेक लावायला पुन्हा शिकायचंय, आणि तेही ताशी तीनशेच्या वेगात!

शांघायची स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत, हॅमिल्टन जिंकला. त्यानंतर? पूर्ण 2025 मध्ये एकाही ग्रांप्रीत, म्हणजे मुख्य शर्यतीत, पोडियम नाही, पहिल्या तिघांत जागा नाही. कारकिर्दीत असं पहिल्यांदाच घडलं.

बाकूला, सप्टेंबर 2025 मध्ये, साइन्झने विल्यम्स दुसऱ्या जागेवरून सुरू केली आणि तिसऱ्या जागेवर आणली. दोन्ही फेरारी आठव्या आणि नवव्या. कतारला तो पुन्हा तिसरा. म्हणजे ज्याला उठवलं त्याचे दोन पोडियम, ज्याच्यासाठी उठवलं त्याचा शून्य.

इथे एका श्रोत्याने मघाशीच चिठ्ठी पाठवलीय: मग फेरारी चुकली का? तुम्ही मला पुन्हा त्याच खड्ड्यात ढकलताय. 2026 ला इंजिनंही नवी आणि गाडीचा सांगाडाही नवा. अकरावी टीम कॅडिलॅकही 2026 पासूनच, म्हणजे 2016 नंतर पहिल्यांदा बावीस गाड्या. तिच्या दोन जागा कुणाला मिळाल्या? पेरेझ आणि व्हाल्टेरी बोटास, 2025 मध्ये ज्यांना एकही गाडी नव्हती ते दोघे. बोटासने तो हंगाम मर्सिडीजच्या गॅरेजमध्ये राखीव ड्रायव्हर म्हणून, कानाला हेडफोन लावून, दुसऱ्यांचे लॅप बघत काढला. 2026 साठी त्यालाही नव्या फोममध्ये न हलता बसणं आलंच.