मों पती शू

नमस्कार मंडळी. आज लाडाच्या नावांबद्दल बोलूया, म्हणजे आपलं सोन्या, पिल्लू, ठमाकाकू नाही, ते तुम्हाला घरीच ऐकायला मिळतं. आज लॅटिनच्या लेकींकडे जाऊ, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज.

आधी माझी गोष्ट. फ्रान्समधे लिओनला मी एका आजींकडे पेइंग गेस्ट होते, पुण्यात 4 महिन्यांचा कोर्स करून गेलेले, म्हणजे फ्रेंच येत नव्हतं असंच समजा. पहिल्याच संध्याकाळी आजी फोनवर, आवाजात नुसता मध, आणि सारखं चाललंय मों पती शू, मों पती शू. आता मराठी कानाला यात काय ऐकू येणार? पती आणि शू! मला वाटलं यांच्या आजोबांना काहीतरी त्रास असणार, पण आजोबा तर भिंतीवर, फ्रेममधे. रात्री डिक्शनरी काढली. पती म्हणजे छोटा, शू म्हणजे कोबी. माझा छोटा कोबी! फोनवर नातू होता.

दुसऱ्या दिवशी नात आली, तिला म्हणाल्या मा प्यूस. परत डिक्शनरी. प्यूस म्हणजे पिसू! म्हटलं झालं, घरात पिसवा आहेत आणि या बाई मला सांगत नाहीयेत. गादी बाल्कनीत नेऊन झोडपली, चादरी उकळत्या पाण्यात टाकल्या, त्यात आजींचं लोकरीचं ब्लँकेटपण गेलं आणि आकसून रुमालाएवढं झालं. मोडक्यातोडक्या फ्रेंचमधे कारण सांगितलं तर आजी हसून हसून खालीच बसल्या, आणि मी निघेपर्यंत मलाच प्यूस म्हणत राहिल्या.

तर हा शू आला लॅटिन काउलिसमधून. काउलिस म्हणजे देठ, आणि कोबीसुद्धा. कोणी म्हणतं लाडाचा शू म्हणजे क्रीम भरलेली पेस्ट्री, पण तिलाही कोबीसारखी दिसते म्हणूनच शू म्हणतात. पुन्हा सांगते, काउलिस. त्याचंच पोर्तुगीजमधे झालं कोव्ह, आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे काय आलं? कोबी! म्हणजे लिओनचा लाडका नातू आणि तुमच्या डब्यातली भाजी एकाच घरातले. (आणि ती भाजी कुकरला लावून चिखल करू नका हो, कढईत परता, झाकण न ठेवता, हे मी मरेपर्यंत सांगणार.)

प्यूस आलं पुलेक्समधून, लॅटिनमधेही पिसूच. स्पॅनिश केरिदा, म्हणजे लाडकी, ते क्वेरेरेमधून, क्वेरेरे म्हणजे शोधणं, मागणं. इटालियन कारो आणि फ्रेंच शेर दोन्ही कारुसमधून, आणि कारुस म्हणजे प्रियही, महागही. प्रियही, महागही, लक्षात ठेवा. फ्रान्समधे मैत्रिणीला पत्र लिहिताना शेर, आणि मंडईत टोमॅटोचा भाव ऐकल्यावर पण शेरच.

पुढच्या ख्रिसमसला आजींचं कार्ड आलं, वर लिहिलेलं, मा शेर प्यूस. आता लाडकी पिसू की महागात पडलेली पिसू? ब्लँकेट आठवलं की मला दुसरंच वाटतं.