काडेपेटी नव्हती तेव्हा

रसिकहो, ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, स्फूर्ती कुठून मिळते? मी एखाद्या गडाचे नाव घेईन, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. गडांवर मी पुष्कळ हिंडलो. तिथे दम लागला, कथानक काही सुचले नाही. ते मिळाले कागदपत्रांत, आणि तेही राजकारणाच्या मजकुरापेक्षा त्याच्या आसपासच्या फुटकळ गोष्टींत.

त्यासाठी आधी मोडीशी झटापट करावी लागली. बोरू शक्यतो न उचलता लिहिलेली, एकमेकांत गुंतलेली अक्षरे, तारखेआधीचा ‘छ’, महिने अरबी आणि सन सुहूर, ज्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन निघतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. अशा जुन्या कागदावरून बोट फिरवताना मध्येच काहीतरी खरखरते, ती असते ओली शाई सुकावी म्हणून लेखनिकाने टाकलेली वाळू. मजकूर कितीही मोठ्या घडामोडीचा असो, तो लिहिणारा माणूस उठण्याआधी कागद झटकत होता आणि झटकूनही चार कण मागे राहत होते, हे त्या खरखरीने मला जितके पटवले तितके कोणत्याही ग्रंथाने पटवले नाही.

पानिपतच्या संहाराची बातमीसुद्धा अशीच रोजच्या व्यवहाराच्या भाषेत आली. 14 जानेवारी 1761 रोजी लढाई झाली. त्यानंतर कुमक घेऊन उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकाराचे सांकेतिक पत्र पडले. त्यात दोन मोत्ये गळाल्याचा, सत्तावीस मोहरा हरवल्याचा आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नसल्याचा निरोप होता. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ ही ती दोन मोत्ये. एका पिढीचे मरण जमाखर्चाच्या शब्दांत मांडले गेले, आणि मला तरी वाटते की ते शोककाव्यात मांडले असते तर इतके झोंबले नसते.

त्या दिवसांतल्या पुण्यावर मी एक प्रकरण लिहीत होतो. नवरा फौजेबरोबर गेलेला, घरात एकटी बाई, तिन्हीसांज. पहिल्या खर्ड्यात मी तिला पाण्यासाठी नदीवर धाडले होते. पण कात्रजहून बंदिस्त नळांतून शहरातल्या हौदांत पाणी आणण्याची व्यवस्था नानासाहेबांच्याच काळातली, म्हणून तिची घागर हौदावर नेली. ही दुरुस्ती सोपी होती. पुढच्या वाक्यात मात्र तिने काडी ओढून दिवा लावला होता. घासून पेटणारी काडी विलायतेतच 1827 च्या सुमारास विकायला आली. 1761 च्या पुण्यात ती कुठली असणार? एका शब्दाची चूक म्हणून मी खोडायला गेलो आणि सगळे प्रकरणच ढासळले.

काडी नाही, तर दिवा लागणार कसा? चुलीत राखेखाली निखारा जपायचा, तो विझला तर चकमक झाडायची किंवा शेजारी विस्तव मागायला जायचे. माझ्या बाईचा निखारा विझला होता. म्हणजे तिला घराबाहेर पडणे भाग होते, शेजारचे दार वाजवणे भाग होते, आणि तोवर माझ्या कादंबरीत शेजारच नव्हता! तो त्या संध्याकाळी निर्माण झाला: एक म्हातारी, जिचा मुलगा त्याच फौजेत होता आणि जिच्या कानावर दुपारी हौदावरची कुजबुज आली होती.

आता तिला बोलावे लागणार होते. तीन दिवस मी तिच्यासाठी संवाद लिहीत राहिलो आणि फाडत राहिलो. शेवटी छापले गेले ते एवढेच, की म्हातारीने गोवरीच्या तुकड्यावर निखारा ठेवला, तो हळूच फुंकला, बाईच्या हाती दिला आणि आपल्या घरातला दिवा न लावताच दार लोटून घेतले.