यादी कोणाकडे आहे?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

अध्यक्ष महोदया, कार्यकारिणीतील सहकारी आणि उपस्थित मंडळी,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘सामाजिक संस्थांमधील नेतृत्व’ असा छापला आहे. या भारदस्त विषयाकडे मी शुभेच्छापत्रांच्या वाटेने येणार आहे, कारण एखादे मंडळ खरोखर कोण चालवते, हे मला निवडणुकीच्या निकालापेक्षा पत्त्यांच्या वहीवरून अधिक चांगले समजते.

आपण ज्या इंग्लंडमध्ये राहतो, तिथेच ही प्रथा छापखान्यात गेली. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे कार्ड काढून घेतले आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. कोल हे हाडाचे प्रशासक. 1840 मध्ये सुरू झालेल्या एका पेनीच्या टपालाच्या उभारणीत त्यांनी रोलंड हिल यांच्याबरोबर काम केले होते. पुढे 1851 चे जागतिक प्रदर्शन भरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाचे ते पहिले संचालक झाले. इतक्या माणसांशी संबंध राखणाऱ्या गृहस्थाला प्रत्येकाला स्वहस्ते सविस्तर पत्र लिहिणे झेपेना, म्हणून ही युक्ती निघाली. कार्डाच्या मधोमध तीन पिढ्यांचे कुटुंब पेले उंचावून बसलेले आहे आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्नवस्त्र देण्याची चित्रे आहेत. लहान मुलीच्या ओठाला मद्याचा पेला लावलेला पाहून त्या काळचे दारूबंदीवाले चांगलेच खवळले होते. मला मात्र त्यातले दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. मजकूर छापील, चित्र छापील. हाताने भरण्यासाठी मोकळ्या ठेवल्या त्या दोनच जागा, एक घेणाऱ्याच्या नावाची आणि दुसरी पाठवणाऱ्याच्या. बाकी सगळे श्रम वाचवता आले, पण नाव लिहिण्याचे श्रम कोल यांनाही वाचवता आले नाहीत.

एक शिलिंग ही त्या कार्डाची किंमत सामान्य कामगाराच्या आवाक्याबाहेरची होती. 1870 मध्ये अर्ध्या पेनीचा टपालदर आला आणि छपाईही स्वस्त होत गेली, तेव्हा कुठे ही प्रथा घरोघरी पोचली. आपल्याकडेही पोस्टाच्या सवलतीचा हिशेब होताच. पाकिटाची पट्टी न चिकटवता आत खोचायची, कोपऱ्यात ‘बुक पोस्ट’ लिहायचे आणि कमी दराचे तिकीट लावायचे, हे इथल्या साठीच्या पुढच्या कोणालाही सांगावे लागणार नाही. दिवाळीची कार्डे भारतभर जात, पण संक्रांतीची कार्डे हे खास महाराष्ट्राचे वैशिष्ट्य. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे छापलेल्या त्या कार्डात चिमूटभर हलवा कागदाच्या पुडीत घालून पाठवला जाई आणि तो पोचेपर्यंत त्याचा काटा बहुधा मोडलेला असे. तरीही परगावच्या आत्याला तो दरवर्षी जाई, आणि नाही आला तर पुढच्या लग्नात तिची तक्रार ऐकून घ्यावी लागे.

आता ही कार्डे घरात लिहीत कोण असे? पत्ता कोणाला पाठ असे? कोणाकडे यंदा सुतक आहे, कोणाची बदली झाली, कोणाच्या मुलाचे लग्न ठरले, हे कोणाला ठाऊक असे? पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाचे नाव असे आणि हे सारे ज्ञान बहुतेक वेळा त्याच्या पत्नीकडे असे. मिकाएला दि लिओनार्दो या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी उत्तर कॅलिफोर्नियातील इटालियन वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास करून 1987 साली एक लेख लिहिला. कार्डे पाठवणे, फोन करणे, सणाची जेवणे ठरवणे हे सारे त्यांनी ‘काम’ म्हणून मोजले आणि घरातली बाई गेली किंवा घटस्फोट झाला, की नात्यांची ही घडी विस्कटते असे दाखवले. हे वाचताना मला इटालियन कुटुंबे कमी आणि आपली मंडळे जास्त दिसत होती. आपल्या मंडळांतही अध्यक्षपद, सचिवपद यांची नोंद इतिवृत्तात होते. परंतु नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिल्या गणपतीचे आमंत्रण कोणी दिले, एकट्या राहिलेल्या आजोबांना दिवाळीत कोणी विचारले, याची नोंद कुठेच नसते. माझ्या मते नेतृत्व म्हणायचे ते याला. व्यासपीठावर बसणे हा त्याचा फार लहान भाग आहे, आणि तो मी आत्ता उपभोगत आहे.

एका माणसाच्या हातून हे किती होऊ शकते, यालाही मर्यादा आहे. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांचे सहकारी रसेल हिल यांनी इंग्लंडमधल्या लोकांच्या नाताळ-कार्डांच्या याद्या तपासल्या आणि 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या घरांना कार्डे जातात, त्या सगळ्या घरांतली माणसे मोजली तर सरासरी दीडशेच्या आसपास भरली. मोठ्या मंडळाचा सगळा गोतावळा एकाच उत्साही बाईच्या किंवा सचिवांच्या डोक्यात राहील, ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे. त्या थकल्या किंवा दुसऱ्या गावी गेल्या, की मंडळ उभे असते, पण माणसे गळू लागतात.

यावर आपले सर्वांचे ठरलेले उत्तर म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. मी त्याचा विरोधक नाही. कार्यक्रमाची वेळ बदलली तर दुसरे काय वापरणार? परंतु समूहावर दिव्यांचे एक चित्र टाकले, की शुभेच्छा सर्वांना पोचल्या असे आपण धरून चालतो आणि कोण वाचत नाही, कोण दोन वर्षांत एकदाही आले नाही, हे पाहण्याची गरजच उरत नाही. कार्ड लिहिणाऱ्याला ही सोय नाही. त्याला प्रत्येक नावापाशी थांबावे लागते, आणि काकांचे नाव लिहावे की आता फक्त काकूंचे, हे ठरवावे लागते. कार्ड परत आले तर घर बदलल्याचे कळते. वर्षातून एकदा सगळ्या नावांवरून असा हात फिरवणे, हीच या प्रथेची मला दिसलेली खरी उपयुक्तता आहे. पहिल्या वर्गाचे टपाल तिकीट आता दीड पौंडाच्या पुढे गेले आहे, तेव्हा खर्चाचा आक्षेप मला मान्य आहे. जवळच्या घरांत कार्ड हाताने टाकावे, इथले शेजारी नाताळात तेच करतात.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी सूचना अशी आहे की, सभासदांची यादी विभागवार वाटून प्रत्येक सदस्याकडे पंधरावीस घरांपेक्षा जास्त देऊ नयेत, संक्रांतीची कार्डे त्या त्या सदस्याने स्वतःच्या अक्षरात लिहावीत, आणि हे काम पुरुष सदस्यांनी घरी नेऊन पत्नीकडे सोपवू नये. पदे बदलतील तेव्हा हिशेबाच्या वहीबरोबर ही यादीही, कोणाकडे काय विचारायचे याच्या टिपणांसह, नव्या माणसाकडे सोपवली जावी. पत्ते आणि अशी टिपणे ठेवायची तर माहिती-संरक्षणाच्या कायद्याचा विचार करावाच लागेल. त्यासाठी संमतीचा नमुना सचिवांनी तयार केला असून तो चहाच्या टेबलाशेजारी ठेवला आहे. ज्यांच्या ओळखीची कुटुंबे आज आलेली नाहीत, त्यांनी दोन कोरे नमुने बरोबर न्यावेत.

धन्यवाद.